भित्रा गुडघा

सांधेवाल्या मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत. राहत नसत की त्या मुद्दाम ठेवत नसत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दवाखान्यात कोणी आलं की त्या आतूनच म्हणायच्या, "डावा खांदा ना? बसा. उजवं कोपर आत आहे, त्याचं झालं की तुम्हाला घेते." कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक ट्रकवाला त्यांच्या लेखी 'कंबर' होता आणि आमच्या शेजारची मासे विकणारी पार्वतीमावशी 'मान' होती. मी पहिल्या दिवसापासून उजवा गुडघा. बाकावर आम्ही ओळीनं बसलो की एकच माणूस सुटा करून मांडून ठेवल्यासारखं वाटायचं.

दवाखाना वाशीतल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर, किराणा दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि फिजिओथेरपी हा शब्द आमच्याकडे कोणाला धड उच्चारताही येत नव्हता. काही लोक त्यांना हाडांची डॉक्टर समजायचे, काही मालिशवाली. पहिल्या गैरसमजाकडे त्या दुर्लक्ष करायच्या, दुसऱ्याला मात्र रोखठोक उत्तर मिळायचं. त्या उरणकडच्या कोकणी मुसलमान घरातल्या. घरचे सगळे व्यापारात, या एकट्याच शिकायला मुंबईला गेलेल्या. पांढऱ्या कोटावरून ओढणी तिरकी घेऊन कमरेला गाठ मारायच्या, म्हणजे ती पेशंटच्या अंगावर लोंबत नसे. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणा बांधा आणि मनगटं सुताराची असावीत तशी.

गाळ्याच्या दाराशी एक उंच पायरी होती. गुडघेदुखीचे लोक त्या पायरीवरून रोज कुरकुरत. सोसायटीच्या सेक्रेटरीनं ती फोडून उतार करून देतो म्हटलं, तर मॅडमनी साफ नकार दिला. "माझी अर्धी तपासणी तिथेच होते," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. कोण कुठला पाय आधी टाकतो, कोण दाराची चौकट धरतो, कोण उतरताना आडवा होतो, हे त्या टेबलाशी उभ्या राहून बघत. पेशंट बाकावर टेकेपर्यंत त्यांचं निम्मं काम झालेलं असे.

मी वाशीजवळच्या पावणे गावची. आमची शेतं कारखान्यांखाली गेली होती आणि वडील त्यातल्याच एका कारखान्यात पाळीनं काम करत. गावात मुलींचा कबड्डीचा संघ होता, मी त्यात चढाई करायचे आणि बरी करायचे, हे आता सांगायला लाज नाही. त्या वर्षी एका मोठ्या कंपनीत खेळाडू मुलींची भरती होणार होती. चाचणीतून निवडले गेले असते तर गावातली पगाराची नोकरी करणारी मी पहिली मुलगी ठरले असते. घरात सगळ्यांचे डोळे त्या चाचणीवर होते आणि माझे सर्वांत जास्त.

चाचणीला काही महिने असताना जासईच्या सामन्यात चढाईवर मी उजव्या पायावर गर्रकन वळले आणि गुडघ्यात काहीतरी कट् झालं. पाय भोपळ्यासारखा सुजला. आमच्याकडे अशा वेळी जे करतात ते सगळं झालं. एकानं पाय धरून खेचला, दुसऱ्यानं तेल चोळलं, आईनं आंबेहळदीचा लेप घातला. सूज उतरली, मी चालू-पळू लागले आणि पुन्हा मैदानात गेले. सरळ पळताना काही नव्हतं. पण प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात शिरून वळायची वेळ आली की पाय आतल्या आत सुटायचा, आणि मी गडी न टिपताच मधल्या रेषेवर परत यायचे. असं चार-पाच चढायांत झालं. मग बघणाऱ्यांनी ठरवून टाकलं की मी भ्याले.

आमच्या मैदानावर हा शब्द शिवीपेक्षा वाईट होता. हाडं मोडलेल्या माणसाला गावात मान होता, भ्यालेल्याला नव्हता. दामाकाका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ आणि आमचे प्रशिक्षक, हे चांगलंच जाणून होते. तरुणपणी ते ठाण्यापर्यंत नाव असलेले चढाईपटू होते. एका अंतिम सामन्यात ऐन वेळी ते रेषेवरून माघारी फिरले, संघ हरला, आणि तेव्हापासून 'दामा भ्याला' ही गोष्ट गावात पोरासोरांना ठाऊक होती. काका पुन्हा खेळले नाहीत. त्यांनी आम्हाला घडवलं ते बहुधा त्या गोष्टीवर माती टाकण्यासाठीच. म्हणून माझ्यावर ते जास्तच चिडले. "गुडगा बरा हाय तुजा," ते म्हणाले. "मनान भ्या बसलाय. पट्टी बांद न खेल."

पार्वतीमावशीनं आईला मॅडमचं नाव सांगितलं. मान दुखायची म्हणून ती त्यांच्याकडे जात असे. काकांना न सांगता आई मला वाशीला घेऊन गेली.

मॅडमनी कुठे दुखतं हे विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच असायचा, "काय करायचंय तुला या सांध्याचं?" पार्वतीमावशीला डोक्यावरची पाटी पेलायची होती. उरणच्या एका म्हाताऱ्या हाजींना नमाजात नीट बसायचं होतं. मी म्हटलं, मला चढाईला वळायचंय. त्यांनी मला झोपवलं, गुडघा दुमडून माझ्या पावलावर चक्क बसल्या आणि दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढली. डाव्या पायाला काही झालं नाही. उजव्या पायाची नडगी टेबलाचा खण उघडावा तशी पुढे सरकली. आई बघत होती, ती घाबरून उभी राहिली.

"गुडघ्यात फुलीसारख्या दोन दोऱ्या असतात," मॅडम म्हणाल्या. "अस्थिबंध म्हणतात त्यांना. तुझी पुढची तुटलीय. आता ऐक गो. ही दोरी नुसती हाडं बांधून ठेवत नाही. तिच्यात नसा असतात. सांधा किती वळला, कुठे आला, ही खबर त्या आत देतात. खबर बंद झाली की मांडीचा स्नायू ऐन वळणावर काम सोडतो. हे तुला विचारून होत नाही, तुझ्या आधी होऊन जातं. तुला नंतर वाटतं, की आपण भ्यालो."

मी त्या टेबलावर हुंदके देऊन रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रड. पण पाय उशीवर ठेवून रड."

मग सुरू झाली मांडीची शाळा. दुखण्याच्या काळात माझी उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झाली होती. मॅडम दर आठवड्याला शिंप्याच्या टेपनं दोन्ही मोजायच्या. "दोरी गेली तिथे पहारेकरी ठेवायचा," हे त्यांचं धोरण. मांडीच्या मागचा स्नायू नडगीला मागे खेचतो, म्हणजे तुटलेल्या दोरीचं काम थोडंफार तो करू शकतो. फक्त वळायच्या आधी जागं व्हायला त्याला शिकवावं लागतं. "स्नायूला ओढता येतं, ढकलता येत नाही," हे वाक्य त्या दिवसातून कितीदा तरी म्हणत. "पुढचा ओढतो तेव्हा मागच्यानं सोडायचं, मागचा ओढतो तेव्हा पुढच्यानं. दोघं एकदम हटून बसले की माणूस लाकूड होतो." आज मी शाळेत खेळ शिकवते आणि हे वाक्य माझं असल्यासारखं वापरते.

व्यायाम करताना मी श्वास कोंडून धरायचे. मॅडम वैतागायच्या. आकडे मोजायला सांगितले तर मी आकडेही मनात मोजायचे आणि चेहरा लाल व्हायचा. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या खेळात ते एका दमात काय म्हणतात? ते म्हण. दम संपला की पाय खाली." मी आडवी पडून, पाय उचलून 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं. ही युक्ती मॅडमना एवढी आवडली की पुढे त्यांनी ती सगळ्यांनाच लावली. संध्याकाळी दवाखान्यासमोरून जाणाऱ्याला आतून ट्रकवाला, हाजी आणि पार्वतीमावशी आपापल्या सुरात कबड्डी घुमवताना ऐकू यायचे. झेरॉक्सवाला एकदा डोकावून विचारून गेला, की मॅच कुठाय.

गोड बोलणं मात्र त्यांच्याकडे नव्हतं. 'होईल हळूहळू', 'सवय होईल' असलं त्या कधी म्हणत नसत. चाचणी जवळ आली तशी मी रोज विचारू लागले आणि त्या रोज टेप दाखवू लागल्या. उजवी मांडी अजून मागे होती. "नाही जायचं," त्या म्हणाल्या. "आज गेलीस तर पाय सुटेल. आत गादी असते हाडांच्या मध्ये, ती फाटेल. मग कबड्डी सोड, संडासला बसताना रडशील." मी म्हटलं, मॅडम, नोकरी आहे ती. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. म्हणून तर खोटं बोलत नाही."

एवढ्यात काकांना कळलं. ते दवाखान्यात आले नाहीत, निरोप पाठवला की पोरीच्या मनात आणखी भीती घालू नका. मॅडमनी निरोप ऐकला आणि रविवारी सकाळी रिक्षा करून थेट आमच्या मैदानावर आल्या. हातात स्टीलचा डबा होता. मंडळाच्या ओट्यावर काका बसले होते. ते अदबीनं उठले आणि खाली उतरले. आमच्याकडे बाईमाणसाशी वाद घालायची पद्धत नाही, त्यामुळे त्यांनी आधी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. पन ह्यो खेल तुमचा नाय."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या आणि डबा उघडला. आत बोकडाच्या मागच्या तंगडीचा ताजा सांधा होता, त्यांच्या मामेभावाच्या मटणाच्या दुकानातून आणलेला.

काका हसले. "ह्यो तर आमी दर आयतवारी खातो."

"खाता ना? मग आज बघा." त्यांनी ब्लेडनं वरचं आवरण बाजूला केलं. आत पांढऱ्या चकचकीत दोन दोऱ्या एकमेकींवरून तिरक्या गेल्या होत्या. "आता खालचं हाड पुढे ओढा." काकांनी ओढलं. हललं नाही. मॅडमनी पुढची दोरी कापली. "आता ओढा." हाड सुळकन पुढे आलं. काकांनी ते मागे ढकललं, परत ओढलं, परत ढकललं. बघायला जमलेले लोक पुढे सरकले. मटण आम्ही जन्मापासून खात आलो होतो, पण सांध्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला सतरंजीवर झोपवलं आणि काकांना माझ्या पावलावर बसवलं. आधी डावा गुडघा, मग उजवा. उजवी नडगी हाताशी सरकत आली तेव्हा काकांनी हात काढून घेतला. मला अजून तो चेहरा दिसतो. राग उतरला होता आणि त्या जागी काय ठेवावं ते त्यांना सुचत नव्हतं.

मॅडम त्यांच्याकडेच बघत होत्या. "काका, मघाशी ओट्यावरून उतरलात, तेव्हा डाव्या गुडघ्यावर भार घ्यायचं टाळलंत तुम्ही. कधी मुरगळला होता?"

"वात हाय तो. जुना."

"बसू का जरा तुमच्या पायावर?"

काकांनी नाही म्हणायला हवं होतं. एरवी म्हटलंच असतं. ते मुकाट सतरंजीवर आडवे झाले. मॅडमनी पावलावर बसून नडगी धरली, ओढली, सोडली. पुन्हा एकदा ओढली आणि त्यांचाच हात तिथे नेऊन ठेवला. "तुमचीही तुटलीय. आजची नाही, खूप वर्षांची. कधी झालं होतं?"

काका आभाळाकडे बघत म्हणाले, "फायनलच्या आदल्या मॅचला गुडगा सुजला व्हता. पट्टी बांदून खेललो." मग मॅडमकडे वळून विचारलं, "मंग त्या दिशी मी रेषेवरशी फिरलो, तो..."

"पाय सुटत होता म्हणून फिरलात. भ्याला नव्हतात तुम्ही."

काका उठून मैदानाच्या कडेला गेले आणि पाठ करून उभे राहिले. मॅडमनी डबा बंद केला, चहा प्यायल्या आणि रिक्षा बोलावून निघून गेल्या. मला त्या माणसाची कीव आली आणि त्याच वेळी हेवाही वाटला. त्यांच्यावरचा डाग पुसला गेला होता, माझी चाचणी मात्र हातची जाणार होती.

ती गेलीच. चाचणीच्या दिवशी मी घरात पांघरूण घेऊन पडून राहिले. शेजारच्या गावातल्या एका मुलीला ती नोकरी मिळाली. ती चांगली खेळायची, तिला नावं ठेवायला जागा नव्हती, याचंच जास्त दुःख झालं. गावात कुजबुज झाली ती अपेक्षेप्रमाणेच. भ्याली, म्हणून गेली नाही.

पुढे गावदेवीच्या जत्रेचे सामने आले. काका दरवर्षी माइकवर असायचे. मॅडमना त्यांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं आणि त्या बायकांच्या खुर्च्यांत पार्वतीमावशीशेजारी बसल्या होत्या. मुलींचा सामना सुरू व्हायच्या आधी माझं नाव संघात नाही हे लोकांच्या लक्षात आलं आणि मागून कोणीतरी तो शब्द मोठ्यानं उच्चारला. काकांनी माइक तोंडाशी धरला.

"मंडली, जरा आयका," ते म्हणाले. "आमची पोर भ्याली असा कोन बोलला, त्यानी आयका. तिचे गुडग्यातली दोरी तुटलीय. मी सोता हात लावून बगितलीय. न माजी बी तुटलीय, त्या फायनलच्या आदीपासून. आमी दोगं बी भ्यालो नवतो." मग घसा खाकरला आणि त्याच आवाजात दोन्ही संघांची नावं वाचायला घेतली.

माझ्या वडिलांनी मान वळवली आणि डोळे पुसले. मॅडम सामना संपेपर्यंत बसल्या. जाताना काकांना एवढंच म्हणाल्या, "सोमवारी या. उशीर झालाय, पण मांडी अजून कामाची आहे तुमची." सोमवारी काका दवाखान्यात हजर झाले. त्यांच्यासाठी दोघांतिघांना बाकावर सरकून जागा करावी लागली.

वर्षभर मी व्यायाम सोडला नाही. टेपवर दोन्ही मांड्या सारख्या आल्या तेव्हा मॅडमनी टेप गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला आणि म्हणाल्या, "आता वळ. उजव्यावर वळताना गुडघा थोडा वाकलेला ठेव. ताठ पायावर वळायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी." त्या मैदानावर येऊन उभ्या राहायच्या आणि मी वळायचे. कबड्डीचे नियमही त्यांना तोवर पाठ झाले होते, पंचांशी हुज्जत घालण्याइतके.

त्यांच्या पतीला मस्कतला नोकरी लागली होती, मुलंही तिकडे गेली. मॅडमनी बरेच दिवस टाळलं, पण शेवटी गाळा रिकामा केला. शेवटच्या दिवशी हाजींनी खजूर आणले आणि पार्वतीमावशीनं ताजी कोलंबी. ट्रकवाला सामान पोचवायला स्वतःची गाडी घेऊन आला. मी काही नेलं नाही. मला काय न्यावं ते कळेना. मी फक्त पायरीवर बसून राहिले आणि त्या निघाल्या तेव्हा त्यांचा हात धरून रडले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. "चाचणी झाली की फोन कर," त्या म्हणाल्या. "खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

पुन्हा भरती निघाली तेव्हा मी गेले. काका सोबत होते. चढाईला मी तीनदा आत शिरले आणि तिन्ही वेळा उजव्या पायावर वळले. पाय टिकला. पहिल्या चढाईत एक गडी टिपला, दुसऱ्या चढाईत पकडले गेले. तिसऱ्या वेळी पंजाबकडच्या एका उंच मुलीनं माझा घोटा असा धरला की मला मधली रेषा दिसलीसुद्धा नाही. यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. वयाची अट पाहता पुढच्या वर्षी यायची सोयही नव्हती.

स्टेशनबाहेरच्या आयएसडी बूथवरून मी मस्कतला फोन लावला. काका काचेच्या बाहेर उभे होते.

"मॅडम, नाही झालं."

"गुडघा सुटला?"

"नाही."

"वळलीस?"

"प्रत्येक वेळी."

"मग काय झालं?"

"समोरच्या पोरी माझ्यापेक्षा भारी होत्या."

त्यांचा आवाज नेहमीचाच, कोरडा होता. "म्हणजे खेळून हरलीस."

"हो."

"मग घरी जा. जेवून घे नीट."

मी बूथमधून बाहेर आले. नोकरी कायमची गेली होती आणि त्याचं फार वाईट वाटत होतं. काकांनी विचारलं, "काय बोलल्या?" मी सांगितलं. त्यांनी ते मनाशी दोनदा म्हणून पाहिलं, "खेलून हरली." मग माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. गावात शिरताना नाक्यावर नेहमीची मंडळी बसली होती. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "काय झाला गो?" मी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की हरले.